जुन्या फ्लॉप्या: आधी वाचून घ्या, फॉरमॅट सगळ्यात शेवटी

"फ्लॉपी घातली, कॉम्प्युटरने विचारलं फॉरमॅट करू का, मी ओके दाबलं." जुन्या फ्लॉप्यांचं काम घेऊन येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं. पुण्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर अजून फ्लॉप्यांचे डबे आहेत. त्यांत कुणाचा प्रबंध आहे, कुठल्या दिवाळी अंकाचा मजकूर आहे, सोसायटीचे हिशेब आहेत, आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी आहेत. बहुतेक वेळा तो मजकूर फ्लॉपीवर शाबूत असतो. तो जातो आपल्या घाईमुळे.

जुन्या फ्लॉपीचं पहिलं वाचन हेच तिचं शेवटचं वाचन ठरू शकतं, हे धरून चालायचं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फॉरमॅट म्हणजे फ्लॉपी पुसून नव्याने आखणं. ते शेवटी ठेवलं आहे, ते शेवटीच करा.

## तयारी

३.५ इंची फ्लॉपीसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरते. ती १.४४ एमबीची फ्लॉपी वाचते, बहुतेक ड्राइव्ह ७२० केबीचीही वाचतात, पण काही नुसत्या १.४४ च्याच असतात. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या. ५.२५ इंची, म्हणजे मोठी लवचीक फ्लॉपी असेल, तर यूएसबीचा मार्ग बंद. त्यासाठी ३४ पिनांचा फ्लॉपी कनेक्टर असलेला जुना डेस्कटॉप लागतो, नाहीतर जुनी ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट. त्याबद्दल पुढे येईलच.

याशिवाय जवळ ठेवा: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा, पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करा), कापसाच्या काड्या, मास्क, सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबा, एक वही. आणि ज्यांवर काहीही महत्त्वाचं नाही अशा दोन-तीन टाकाऊ फ्लॉप्या. या टाकाऊ फ्लॉप्यांवाचून काम सुरू करू नका. का ते टप्पा ३ मध्ये कळेल.

प्रत्येक फ्लॉपीला क्रमांक द्या, लेबलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं वहीत उतरवा. ५.२५ इंची फ्लॉपीवर बॉलपेनने लिहू नका. दाब थेट आतल्या चकतीवर पडतो. लिहायचंच असेल तर आधी वेगळ्या स्टिकरवर लिहा, मग तो चिकटवा.

पावसाळ्यात माळ्यावरून काढलेल्या फ्लॉप्या लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात काही दिवस राहू द्या. उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर लावणं, हे अजिबात नको. चकती प्लॅस्टिकची आहे, ती वाकते.

## टप्पा १: ओळखा आणि कुलूप लावा

आधी ठरवा की फ्लॉपी कोणत्या जातीची आहे.

३.५ इंचीच्या एका कोपऱ्यात सरकपट्टी असलेलं चौकोनी भोक असतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक असेल, ज्याला पट्टी नाही, तर ती हाय डेन्सिटी, म्हणजे १.४४ एमबी. दुसरं भोक नसेल तर डबल डेन्सिटी, म्हणजे पीसीवर ७२० केबी. हे लेबलवरून नाही, भोकावरून ओळखायचं. लेबलं लोक बदलतात.

आता कुलूप. ३.५ इंचीत सरकपट्टी सरकवून भोक उघडं केलं की लेखन बंद. ५.२५ इंचीत बरोबर उलटं आहे: कडेची खाच झाकली की लेखन बंद. ही उलटापालट भल्याभल्यांना चुकवते. खाच झाकायला अपारदर्शक चिकटपट्टीच वापरा. काही ड्राइव्ह खाच प्रकाशाने तपासतात, त्यांना साधा सेलोटेप दिसतच नाही.

"मी तर फक्त बघणार आहे, लिहिणार कुठे आहे?" असं वाटेल. पण कॉम्प्युटर तुम्हाला न विचारता लिहितो. विंडोज ९५ आणि ९८ नुसती फ्लॉपी उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या भागात, आपली खूण लिहितात. मॅक लपलेल्या फाइली आणि फोल्डर टाकून ठेवतो. कुलूप असेल तर यातलं काहीच होत नाही.

तपासा: प्रत्येक फ्लॉपीचं कुलूप लागल्याची नोंद वहीत झाली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: चकती डोळ्यांनी बघा

३.५ इंचीचं धातूचं शटर बोटाने सरकवा आणि मागचा गोल हब हळूहळू फिरवत चकती उजेडात बघा. ५.२५ इंचीत लांबट खिडकीतून तसंच बघता येतं. चकतीला बोट लावायचं नाही.

तीन गोष्टी शोधायच्या. पांढुरके, धुरकट ठिपके म्हणजे बुरशी. पुण्याच्या जुन्या वाड्यांत, ओल धरणाऱ्या भिंतीतल्या कपाटांत ठेवलेल्या फ्लॉप्यांना ती हमखास लागते. गोलाकार चकचकीत ओरखडे म्हणजे चुंबकीय थर खरवडला गेलाय. आणि हब फिरवताना चकती अडकत असेल, तर आतलं अस्तर चिकटलंय.

बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर नुकसान एका फ्लॉपीवर थांबत नाही. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या टोकाला चिकटते, तिथे खरखरीत थर तयार होतो, आणि तो थर पुढची चांगली फ्लॉपी खरवडून काढतो. एका आजारी फ्लॉपीमुळे अख्खा डबा जाऊ शकतो.

साफ करायची पद्धत अशी: मास्क लावा. कापसाची काडी आयपीएमध्ये बुडवून निथळवा, ओलसर राहील इतकीच. शटर उघडं धरून काडी चकतीवर हलकेच टेकवा आणि चकती हबने फिरवा, काडी जागेवरच ठेवा. काडी काळपट झाली की नवी घ्या. काडीवर तपकिरी थर यायला लागला तर थांबा, तो मळ नसून तुमचा डेटा आहे. दोन्ही बाजू झाल्या की पूर्ण वाळू द्या.

सावधान: हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते चकतीवर चिकट थर सोडतं. डेटॉल, काच पुसायचं लिक्विड, साबणाचं पाणी यांचाही नाद सोडा.

फारच महत्त्वाची फ्लॉपी असेल आणि बुरशी अस्तरापर्यंत गेली असेल, तर खोका उघडून चकती बाहेर काढायची, साफ करायची आणि टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ खोक्यात बसवायची. हे जमतं, पण आधी टाकाऊ फ्लॉपीवर सराव करा. चकतीची वरची बाजू कोणती हे काढण्याआधी लक्षात ठेवा.

## टप्पा ३: ड्राइव्हची परीक्षा घ्या

पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी उचललेली ड्राइव्ह असो की नवीकोरी यूएसबी ड्राइव्ह, पहिली फ्लॉपी टाकाऊच घालायची.

टाकाऊ फ्लॉपी चकती बघून घाला, पूर्ण वाचून घ्या, बाहेर काढा, शटर उघडून पुन्हा बघा. नवा गोल ओरखडा दिसला तर हेड घाण आहे. आयपीएच्या काडीने दोन्ही हेड हलक्या हाताने पुसा आणि परीक्षा परत घ्या. वरचं हेड नाजूक पट्टीवर बसवलेलं असतं, ते वर उचलू नका. वाकलं तर ड्राइव्ह गेली.

यूएसबी ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, स्वस्तातल्या हबला नको. मोटर सुरू होताना वीज कमी पडली की वाचनात चुका येतात आणि दोष फ्लॉपीवर जातो.

जुना डेस्कटॉप वापरत असाल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ड्राइव्हचा प्रकार बरोबर निवडा आणि बूट क्रमातून, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं त्या यादीतून, फ्लॉपी काढून टाका. नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्यांत बूट सेक्टर व्हायरस सर्रास असायचे. ५ जानेवारीला 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावणारा 'जोशी' व्हायरस त्यातलाच. फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केलं की असा व्हायरस जागा होतो. नुसती फ्लॉपी वाचून तो पसरत नाही.

## टप्पा ४: फाइली उघडू नका, इमेज घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. फ्लॉपी उघडतात, एकेक फाइल डबल क्लिक करून बघतात, मग हवी ती कॉपी करतात. यात हेड चकतीवर पुन्हा पुन्हा मागे-पुढे धावतं. त्याऐवजी पूर्ण फ्लॉपीची पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे चकतीवरचा ५१२ बाइटचा तुकडा) शेवटच्यापर्यंत एकच फाइल करायची, ती इमेज. त्यानंतरचं सगळं काम इमेजवर.

विंडोजवर विनइमेजसारखा प्रोग्राम घ्या आणि फ्लॉपी वाचून इमेज साठवा. नंतर सेव्हन-झिपने ती इमेज फोल्डरसारखी उघडता येते. मधे कुठेही चेकडिस्क चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ते फ्लॉपीवर लिहायला जातं.

लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरा. फ्लॉप्यांसाठी माझी पसंती यालाच, कारण ते सोपे भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे मागाहून वळतं. आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन फ्लॉपीला कोणतं नाव मिळालंय ते बघा. यूएसबी ड्राइव्ह 'एसडीबी' किंवा तत्सम नावाने दिसते, आतली जुनी ड्राइव्ह 'एफडीझीरो' म्हणून. आकार १.४ एमबी दिसतोय ना, हे बघूनच पुढे जा. नाव चुकलं की भलतीच डिस्क वाचली जाईल. मग डीडीरेस्क्यूला या क्रमाने सांगा: उपकरण, इमेज फाइल, मॅप फाइल. मॅप फाइल विसरू नका. कोणते सेक्टर मिळाले आणि कोणते राहिले, याची नोंद तिच्यात असते.

त्या मॅप फाइलचा खरा फायदा पुढे आहे. एका ड्राइव्हवर काही सेक्टर अडले, तर हेड साफ करून किंवा फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन डीडीरेस्क्यू पुन्हा चालवा. ते फक्त राहिलेल्या जागा वाचतं आणि त्याच इमेजमध्ये भरतं. प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची जागा केसभर वेगळी असते, म्हणून एकीला न दिसलेला सेक्टर दुसरीला दिसतो. मित्राची ड्राइव्ह दोन दिवस मागून आणण्यासारखा उपाय नाही.

मॅकवर यूएसबी ड्राइव्ह चालते. टर्मिनलमध्ये 'डिस्कयुटिल लिस्ट' देऊन नाव शोधा, फ्लॉपी अनमाउंट करा (इजेक्ट नाही), मग 'डीडी'ने इमेज घ्या. डीडीला इनपुट आणि आउटपुट द्यायचं असतं. इनपुटला फ्लॉपी, आउटपुटला फाइल. हे उलटं झालं तर फ्लॉपीवर लिहिलं जातं. कुलूप लावलेलं असेल तरच वाचाल.

सावधान: वाचताना किंचाळल्यासारखा किंवा खरवडल्याचा आवाज आला तर प्रोग्राम संपायची वाट बघू नका. लगेच फ्लॉपी बाहेर काढा आणि टप्पा २ ला परत या. 'टक-टक' असा हेड सरकल्याचा आवाज मात्र नेहमीचा आहे.

तपासा: इमेजचा आकार बाइटमध्ये बघा. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे बरोबर १४,७४,५६० बाइट. ७२० केबीची ७,३७,२८०. ५.२५ इंचीची १.२ एमबी म्हणजे १२,२८,८०० आणि ३६० केबी म्हणजे ३,६८,६४०. यात कमी-जास्त असेल तर इमेज अर्धवट आहे किंवा प्रकार चुकीचा निवडलाय.

## टप्पा ५: "फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर

नाही म्हणा. दरवेळी.

या प्रश्नाचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा नाही. या कॉम्प्युटरला फ्लॉपीची मांडणी समजली नाही, एवढंच तो सांगतोय. कारण बऱ्याचदा साधं असतं: पहिला सेक्टर खराब आहे, किंवा फ्लॉपी पीसीची नाहीच.

पहिल्या सेक्टरचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण इथे खूप काही वाचवता येतं. १.४४ एमबीच्या डॉस फ्लॉपीत सेक्टर ० म्हणजे बूट सेक्टर. सेक्टर १ ते ९ मध्ये कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता, आणि १० ते १८ मध्ये त्याच तक्त्याची दुसरी प्रत. १९ ते ३२ मध्ये फाइलींची नावं. खरा मजकूर ३३ पासून सुरू होतो. म्हणजे सेक्टर ० गेला तरी बाकीचे २,८७९ सेक्टर धडधाकट असू शकतात, आणि तरीही विंडोज फॉरमॅटच सुचवतं.

अशा वेळी इमेजची एक प्रत करा. त्याच क्षमतेच्या चांगल्या डॉस फ्लॉपीच्या इमेजमधले पहिले ५१२ बाइट हेक्स एडिटरने (फाइलीतले बाइट थेट बदलू देणारा प्रोग्राम) या प्रतीच्या सुरुवातीला चिकटवा. प्रत सेव्हन-झिपमध्ये उघडून बघा. बहुतेक वेळा फाइलींची यादी दिसते. यादीचाच भाग खराब असेल तर टेस्टडिस्कसोबत येणारं फोटोरेक इमेजवर चालवा. ते नावाशिवाय, फाइलीच्या आतल्या खुणांवरून फाइली शोधतं.

## टप्पा ६: पीसीच्या नसलेल्या फ्लॉप्या

मॅकची १.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्ह वाचू शकते, अडचण फक्त फाइल सिस्टिमची असते. जुनी एचएफएस मॅकओएस कॅटालिनापासून पुढे उघडतच नाही, म्हणून इमेज घेऊन लिनक्सवर एचएफएसयुटिल्सने उघडा.

मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या, तसंच अमिगाच्या ८८० केबीच्या फ्लॉप्या यूएसबी ड्राइव्हला कधीच वाचता येणार नाहीत. त्यांवर लिहायची पद्धतच वेगळी आहे, आणि यूएसबी ड्राइव्हच्या आतल्या चिपला ती येत नाही. कितीही वेळा प्रयत्न केला तरी फक्त झीज होईल. इथे ग्रीसवीझल लागतं. साधी पीसीची फ्लॉपी ड्राइव्ह त्याला जोडायची. ते सेक्टर न शोधता चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं आणि त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. ५.२५ इंचीसाठीही हाच उत्तम मार्ग. फ्लॉपी कोणत्या मशीनची हेच माहीत नसेल तर कच्चं रेकॉर्डिंग साठवून ठेवा, अर्थ लावणं सावकाश करता येतं.

अटारी एसटीच्या फ्लॉप्या डॉसच्या बऱ्याच जवळच्या असतात. पुष्कळदा ७२० केबी समजून वाचता येतात.

## टप्पा ७: फाइल निघाली, पण मराठी दिसत नाही

इमेजमधून फाइल काढली, उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, विचित्र चिन्हं. लोक समजतात फ्लॉपी खराब झाली. तसं नाही. युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींत टाइप व्हायचा, आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी होती. 'क' साठी कुणी कोणता आकडा वापरायचा, कुणी कोणता.

मजकुरात त्या काळच्या फॉन्टचं नाव मिळतं का बघा. मूळ छपाईची प्रत जवळ असेल तर अक्षराच्या वळणावरून ओळखता येतं. फॉन्टचं घराणं कळलं की त्याच घराण्याचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा. डॉसवर जिस्ट कार्डाने केलेला मजकूर बहुधा इस्की संकेतात असतो, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

सावधान: अशी फाइल वर्डमध्ये उघडून 'सेव्ह' दाबू नका. वर्डने स्वतःच्या अंदाजाने संकेत बदलला तर मूळ आकडे जातात आणि मग कुठलाच कन्व्हर्टर चालत नाही.

डीबेसचे तक्ते आणि लोटस १-२-३ च्या शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. वर्डस्टारच्या मजकुरात शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं, ती त्या प्रोग्रामची सवय आहे, बिघाड नाही.

## टप्पा ८: आता फॉरमॅट

इमेज दोन ठिकाणी ठेवली आहे, फाइली उघडून पाहिल्या आहेत, तरच या टप्प्यावर या. आणि कुटुंबाच्या दृष्टीने मोलाची फ्लॉपी असेल तर इमेज असूनही ती फॉरमॅट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉरमॅटची खरी गरज भोसरी-चाकणसारख्या ठिकाणच्या जुन्या सीएनसी मशीनना, एम्ब्रॉयडरी मशीनना, जुन्या कीबोर्ड वाद्यांना लागते. तिथे पहिला नियम: ज्या मशीनमध्ये फ्लॉपी वापरायची, शक्य असेल तर त्याच मशीनवर फॉरमॅट करा.

पीसीवरच करायचं असेल तर आधी मशीनला ७२० केबी लागते की १.४४ एमबी, हे पुस्तिकेत बघा. खालच्या आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरायचे.

१. डॉस, विंडोज ९८: ७२० साठी 'फॉरमॅट ए: /एफ:७२०'.
२. विंडोज एक्सपी: ७२० साठी 'फॉरमॅट ए: /टी:८० /एन:९', म्हणजे ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), प्रत्येकी ९ सेक्टर. १.४४ साठी नुसतं 'फॉरमॅट ए:'.
३. लिनक्स, यूएसबी ड्राइव्ह: आधी 'यूएफआयफॉरमॅट', मग 'एमकेएफएस.फॅट'. 'एफडीफॉरमॅट' फक्त आतल्या जुन्या ड्राइव्हवर चालतं.
४. मॅक: 'न्यूएफएस_एमएसडॉस' फक्त फाइल सिस्टिम लिहितं, ट्रॅक नव्याने आखत नाही. खराब किंवा दुसऱ्या जातीच्या फ्लॉपीला ते पुरत नाही.

क्विक फॉरमॅट निवडू नका. त्यात फक्त वरचे तक्ते कोरे होतात, ट्रॅक तसेच राहतात आणि खराब सेक्टर सापडत नाहीत. फ्लॉपीवर पार्टिशनही करू नका. पेनड्राइव्हची सवय असलेले प्रोग्राम ते सुचवतात, पण जुन्या मशीनला अशी फ्लॉपी कळत नाही.

नेहमीची चूक: ७२० ची फ्लॉपी मिळत नाही म्हणून १.४४ च्या फ्लॉपीचं दुसरं भोक चिकटपट्टीने झाकणं. फॉरमॅट होते, चालतेही, पण दोन्हींच्या चुंबकीय थराचा गुणधर्म वेगळा असल्याने लिहिलेलं भरवशाने टिकत नाही. एखाद्या कामापुरतं ठीक, साठवणुकीसाठी नको.

५.२५ इंचीत आणखी एक सापळा आहे. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, पण तिथे लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध ते बारीक रेघ लिहितं, कडेला जुना मजकूर तसाच उरतो, आणि ३६० ची ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचून गोंधळते.

तपासा: फॉरमॅट झाल्यावर खराब सेक्टर शून्य आहेत का? एकही असेल तर ती फ्लॉपी मशीनसाठी वापरू नका. एक फाइल कॉपी करा, फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा घाला, फाइल परत वाचा आणि मूळ फाइलशी ताडून बघा. बाहेर न काढता ताडलं तर कॉम्प्युटर मेमरीतलीच प्रत दाखवू शकतो. फाइलींची नावं ८ अक्षरं, टिंब आणि ३ अक्षरं, तीही रोमनमध्येच ठेवा.

मशीन रोज फ्लॉपीवर चालत असेल तर गोटेक एम्युलेटरचा विचार करा. तो फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतो आणि पेनड्राइव्हवरच्या इमेज मशीनला फ्लॉपी म्हणून दाखवतो. टप्पा ४ मध्ये घेतलेल्या इमेज तिथे वापरता येतात. जुनी ड्राइव्ह मात्र फेकू नका. काढताना केबलची दिशा आणि जंपर यांचा फोटो घ्या आणि ड्राइव्ह सिलिका जेलसह डब्यात ठेवा.